तुरेवालीचा आवाज

सासऱ्याने कळ दाबून सुनेचा संगणकावरचा खेळ मध्येच थांबवला.

“अगं, हा तिचा आवाज नाहीच!”

सून चपापली. पडद्यावरचं तळं तिने महिनोन्‌महिने खपून उभं केलं होतं. लव्हाळ्यात बसून तुरेवाली, ती डोक्यावर तुरा असलेली पाणपक्षीण, ओरडत होती, आणि खेळ परवा लोकांसमोर जायचा होता.

“बाबा, तुमच्याच माहितीपटातून घेतलाय तो. ध्वनिमुद्रण तुमचंच ना?”

झालं! तीस वर्षं पोटात ठेवलेलं सासऱ्याच्या ओठांवर आलं. त्या मोसमात मायक्रोफोनमध्ये पाणी शिरलं होतं आणि तुरेवाली टेपवर उतरलीच नव्हती. दिग्दर्शकाने घाई करून जीव खाल्लेला. मग सासऱ्याने स्टुडिओत बसून दुसऱ्याच पक्ष्याची शीळ तिच्या चोचीत बेमालूम बसवली. कोणाला कळतंय? पुढच्या वर्षी जाऊन खरा आवाज आणू, असं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी तळ्यात भराव पडला. तुरेवाली पुन्हा कुणाला दिसली नाही.

“म्हणजे खरा आवाज कुणाकडेच नाही?”

“माझ्याकडे आहे की! महिनाभर रोज पहाटे ऐकलाय.”

“मग तोंडाने काढून दाखवा. पुढचं मी जमवते.” तिने मायक्रोफोन सरकवला.

म्हातारा हरखला. कवळी नीट बसवून त्याने डोळे मिटले. तो गारठा, गुडघाभर चिखल, पाण्यावरचं धुकं, सगळं जसंच्या तसं समोर आलं. ओठांचा चंबू करून त्याने शीळ घातली.

सुनेने मान खाली घातली.

त्याने पुन्हा घातली. तीच. स्टुडिओतली. इतकी वर्षं आल्यागेल्याला कौतुकाने तो माहितीपट दाखवता दाखवता खरी शीळ कधी पुसली गेली, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

“थांब जरा, येईल. अगदी जिभेवर आहे.”

ती थांबली. चहा आला, निवला. त्या खऱ्या शिळेसाठी त्याचा जीव नुसता तुटत होता, आणि ती काही केल्या येत नव्हती.

“काढून टाक तो आवाज,” शेवटी तो म्हणाला.

“मुकीच ठेवू? लोक म्हणतील, खेळात बिघाड आहे.”

“म्हणू देत.”

तिने आवाज पुसला. तुरेवालीने मान उंचावली, चोच उघडली, मिटली. सुनेने काही बोलायला तोंड उघडलं, तोच त्याने हात वर करून तिला गप्प केलं आणि कान पडद्याजवळ नेला.