मागचं चाक

कुशाबाने तिसरं चाक स्टँडवर चढवलं, बोटाने फिरवलं आणि हात काढून घेतला. महादेव परब गुडघ्यांवर हात टेकून वाकला. एक डोळा बारीक करून त्याने रिमची कड नजरेत धरली, चाक थांबेपर्यंत तसाच राहिला आणि मग मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, हे त्याच्या बायकोलाही सव्वीस वर्षांत कधी कळलं नव्हतं.

"मघाचं पुन्हा दाखवता?" तो म्हणाला.

कुशाबाने मघाचं पुन्हा चढवलं.

कीर्ती गाळ्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. चिंचपोकळीच्या पुलाच्या उतारावरचा हा सायकलचा गाळा इतका अरुंद, की गिऱ्हाइकाला आत उभं राहायचं तर आधी एखादी सायकल बाहेर काढावी लागे. काढलेली सायकल महादेवचीच होती. निळी, सात गिअरची हायब्रिड. आकांक्षाने, त्यांच्या मुलीने, पहिल्या पगारातून बापाला घेऊन दिलेली. मागचं चाक नसल्यामुळे ती आता उलटी, हँडल आणि सीटवर उभी होती.

चाक घ्यायला नवऱ्याबरोबर यायची कीर्तीला काही हौस नव्हती. ती आली होती ती वेगळ्याच कामाने. पनवेलच्या पुढे, एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरचं घर त्यांच्यासाठी उद्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेलं होतं. त्यानंतर ते पुढच्या माणसाला जाणार होतं. काळाचौकीच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिने संसार केला, मुलगी वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं. आता तिला स्वतःचा संडास हवा होता, आणि दार लावलं की लागलेलं राहील असं दार. तिने घर दोनदा पाहिलं, कागद वाचून घेतले, बँकेत जाऊन आली. महादेव दोन्ही वेळा तिच्याबरोबर आला, भिंतींवर बोटाने टकटक केलं आणि घरी येऊन म्हणाला, बघू.

हे बघू गेले पाच आठवडे चाललं होतं. जेवताना बघू, झोपताना बघू. वीज मीटरच्या दुरुस्ती विभागात तीस वर्षं काढलेला माणूस. काटा हलायचा थांबल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही त्याची शिकवण. ती त्याने घरातही लावली होती. आकांक्षाच्या लग्नाला होकार द्यायलाच त्याला इतके दिवस लागले, की व्याही दुसरीकडे विचारायला निघाले होते. म्हणून आज कीर्ती चाकाच्या निमित्ताने मागोमाग आली होती. हो किंवा नाही, यातलं एक काहीतरी तोंडातून निघेपर्यंत त्याला सोडायचं नाही, असं ठरवून.

आणि इथे तो चाकालाही बघू म्हणत होता.

कुशाबाने तिलाही समजावून सांगितलं होतं. एक चाक हलकं, एकेरी रिमचं. दुसरं दुहेरी रिमचं, बत्तीस तारांचं. तिसरं तसंच, पण छत्तीस तारांचं, जाड आणि जड. पहिलं रोजच्या फिरण्याला पुरे. दुसरं खड्ड्याला दाद देत नाही. तिसरं सहसा कुणी मागत नाही.

"अहो, मधलं घ्या ना," कीर्ती म्हणाली. "वरळीला जाऊन समुद्र बघायचाय तुम्हाला. त्याला किती तारा लागतात?"

महादेवने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कुशाबा मात्र चाक फिरवता फिरवता थांबला.

"वरळी?" त्याने कोपऱ्यात टेकवलेलं जुनं चाक उचलून तिच्यासमोर धरलं. रिम एका जागी आत दबली होती, तिथून बारीक चीर गेली होती, गिअरच्या बाजूच्या तीन तारा तुटल्या होत्या. "वहिनी, माझ्याकडं वरळीच्या सायकली येत्यात. त्यांच्या चेनीला वाळू असती." त्याने हबच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून खरवडलं. तांबडी, वाळलेली माती तिच्या चपलेपाशी पडली. "हा मुरूम हाय. अर्धवट रस्त्याचा. असा मुरूम दादरपासून कुलाब्यापत्तर शोधला तरी गावायचा न्हाई."

कीर्तीने मातीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

दर रविवारी तो पहाटे चारला सायकल घेऊन निघे आणि दुपारी एकला परत येई. येताना घामाने निथळलेला असे. समुद्रावर मित्र भेटतात, चहा होतो, वेळ जातो, असं त्याने सांगितलं होतं. म्हणजे तिने विचारलं होतं आणि त्याने मान हलवली होती.

"कुठे जाता रविवारचं?"

महादेवने रुमाल काढला आणि हाताला न लागलेलं ग्रीस पुसलं.

"स्टेशनपासून बिल्डिंग चार पॉइंट तीन किलोमीटर," तो म्हणाला. "ब्रोकर दोन म्हणाला होता."

एकदा सुरू झाल्यावर तो थांबला नाही. चार रविवार जाऊन आला होता. स्टेशनपासून पहिले दोन किलोमीटर डांबर, पुढे मुरूम. नाल्यावरच्या पुलाच्या तोंडाशी हातभर खड्डा, चाक तिथेच बसलं. शेअर रिक्षा संध्याकाळी साडेआठनंतर मिळत नाहीत. एक रविवार मुद्दाम रात्रीपर्यंत थांबून पाहिलं. त्या दिवशी उशीर झाल्यावर ट्यूब पंक्चर झाल्याचं घरी सांगितलं होतं. आणि कीर्ती परळच्या हॉस्पिटलमधून, रेकॉर्डच्या खोलीला कुलूप लावून निघणार साडेसातला. अजून सहा वर्षं तिची नोकरी. तिकडच्या स्टेशनवर पोचायला नऊ वाजून वीस मिनिटं, तेही सगळं वेळेवर चाललं तर. त्यापुढे चार पॉइंट तीन, अंधारात, चालत. दिव्याचे खांब एकोणीस, पेटणारे सात.

कीर्ती ऐकत राहिली. हा माणूस खांब मोजून आला होता. पाच आठवडे तिने याच्यापुढे डोकं आपटलं होतं. गप्प बसतोय म्हणजे नकोच असणार, असं धरून रात्री भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बहिणीजवळ रडलीसुद्धा होती.

"हे घरी सांगायला काय झालं होतं?"

"नक्की झालं नव्हतं."

"आणि आता?"

त्याने पुन्हा मान हलवली. तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला. आता मात्र ती उठून चालायला लागणार होती. पूल उतरून, काळाचौकीपर्यंत, एकटी. पण महादेव तिच्याकडे पाहतच नव्हता. तो उलट्या सायकलच्या मागच्या बाजूला वाकला होता आणि फ्रेमची छोटी भोकं अंगठ्याने चाचपत होता.

"कुशाबा, याला कॅरिअर बसेल?"

"बसंल की. भोकं हायत. पण कशाला? सिलिंडर न्यायचा का काय?"

"माणूस."

कुशाबाने एकवार दोघांकडे पाहिलं आणि पहिली दोन चाकं मुकाट्याने खिळ्यांना अडकवून टाकली. कानामागची पेन्सिल काढून त्याने पुठ्ठ्याचा तुकडा पुढ्यात ओढला. कॅरिअरवर माणूस बसणार असेल तर तारा किती ताणायच्या, ते त्याला आधी कळायला हवं होतं.

"तुमचं वजन सांगितलंत, अडुसष्ट. मागं बसणाराचं?"

महादेवने थोडा विचार केला.

"पंचावन्न."

कुशाबाची पेन्सिल पुठ्ठ्यावर टेकली होती, पण हलत नव्हती. कीर्ती स्टुलावरून उठली. तिने पदर सारखा केला, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बहात्तर लिहा," ती म्हणाली. "डब्याची पिशवी धरून चौऱ्याहत्तर."