फक्त दोनातोच्या मापाचा

मी एक जुना, गडद निळा कोट आहे, मित्रांनो. नेपल्सच्या बंदरामागच्या गल्लीत आत्तिलियो नावाच्या शिंप्याने मला आणि माझ्या जोडीच्या विजारीला शिवले; त्याला सगळे मानाने डॉन म्हणत.

मला शिवून घेणारा दोनातो बंदरात हमाली करायचा. पोती वाहून त्याचा उजवा खांदा खाली उतरला होता, त्यामुळे तयार कोट त्याच्या अंगावर वाकडेच बसत. माझी किंमत कळली तेव्हा त्याची बायको इमाकोलाता कडाडली, "एवढ्यात कपडे धुवायचं यंत्र आलं असतं! इथं माझ्या हातांची सालटी निघतायत आणि हा निघालाय वकील व्हायला!"

ती तडक दुकानात आली. "डॉन आत्तिलियो, कापड सोन्याचं आहे का हो?"

"कापडाचे पैसे थोडेच आहेत, बाई. बाकीचे दिवसांचे आहेत. आकार धरायला आतलं घोड्याच्या केसांचं कापड हातानं टाचायचं. मग त्याला बोलवायचं, घालून बघायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं. पण जन्मभर टिकेल. त्याच्यामागंही टिकेल."

"अभद्र बोलू नका!"

पहिल्या रविवारी दोनातोने मला घातले. आरशात त्याचे दोन्ही खांदे सरळ दिसत होते. इमाकोलाता बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चल, समुद्रावर जाऊ. लोकांना दिसू दे तरी." त्यानंतर दर रविवारी तिचा हात माझ्या कोपरात असायचा. माझे सुखाचे दिवस तेच.

एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन दोनातो गेला. त्याला माझ्यातच निरोप देतील, असे सगळ्यांनी धरले होते. पण इमाकोलाताने मला पलंगावरून उचलून कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. त्याला जुनाच कोट घातला. नणंद फिलोमेना चारचौघांत म्हणाली, "किमतीवरून भांडली होती ना? आज वसूल केली!"

इमाकोलाताने कपाटाची किल्ली पदरी ठेवली.

मग अंधार आणि कापराचा वास. ज्या एका अंगासाठी मला घडवले, ते अंगच उरले नव्हते. क्वचित दार उघडे. ती माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसून उभी राही आणि पुन्हा कुलूप लावी. मुलाने, रेनातोने, एकदा मला घालून पाहिले. उजवीकडे मी गोळा झालो. "विकून टाक, आई," तो म्हणाला. जुन्या कपड्यांचा दुकानदार हसला, "हा तर खांद्यानं लंगडा! फार तर बटणांचे देईन." तिने मला त्याच्या हातातून ओढून घेतले.

तिथून ती थेट म्हाताऱ्या डॉन आत्तिलियोकडे गेली. "हा माझ्या मापाचा करा."

"मी बायकांचं शिवत नाही, बाई."

"मग आज शिवा."

त्याने माझे अस्तर उसवले. "कमरेला कापड राखून ठेवलंय. पुढं तो जाड होईल म्हणून."

"तो नाही झाला," ती म्हणाली. "मी झाले."

म्हाताऱ्याने सुईत दोरा ओवला.

आता रविवारी ती मला घालून एकटीच समुद्रावर जाते, स्वतःचे हात माझ्या खिशांत घालून. माझ्या जोडीच्या विजारीचे मात्र काही करता आले नाही. विजार कपाटातच आहे. परतल्यावर आम्ही शेजारी टांगलेले असतो. माझ्या अंगाला खारा वास असतो, तिच्या अंगाला कापराचा.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या मागे राहिलेला कपडा असेल, तर नुसता जपू नका. अधूनमधून त्याला बाहेर काढा. जरा वारा लागू द्या.