कुंडलीतली झाकलेली ओळ

सूड घेणारी माणसं खानदेशात कमी नाहीत. कुणी विळा काढतं, कुणी बांध कोरतं, कुणी भर लग्नात जुनी गोष्ट काढून वऱ्हाडाचं जेवण कडू करतं. सुलक्षणानं सूड घेतला तो संगणकाच्या काळ्या पडद्यावरच्या तीन ओळींनी. गंमत म्हणजे, तसं करायचा हुकूम तिला वैऱ्यानंच दिला होता.

वैऱ्याचं नाव जितेंद्र. जळगावात पिंप्राळ्याला त्याचं शाळांना कॉम्प्युटर विकायचं दुकान आणि सुलक्षणा त्या दुकानातली एकमेव अशी नोकर, जिला खरोखर काही येत होतं. तिनं एक छोटी आज्ञा लिहिली होती, तिचं नाव ‘कुंडली’. काळ्या पडद्यावर हा शब्द टाइप केला की डाव्या बाजूला अक्षरांनी काढलेला केळीचा घड यायचा आणि उजवीकडे त्या संगणकाची जात-गोत, म्हणजे मेमरी किती, डिस्क केवढी, प्रोसेसर कुठला. संगणक सुरू केला की काही न विचारता ती आपोआपही दिसायची. मास्तर लोकांना ती फार आवडायची. मशीनची पत्रिका पाहिल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, असं जितेंद्र हसत हसत सांगायचा आणि लोक माना डोलवायचे.

पहिल्यांदा तिनं कुंडलीत वयही दाखवलं होतं. यंत्र कधी बनलं, डिस्क किती तास फिरली, सगळं. शिवाय ज्या दिवशी कुंडली पहिल्यांदा चालेल त्या दिवसाची आणि तोवरच्या तासांची नोंद डिस्कच्या पोटात कायमची राहायची. जितेंद्रनं ते पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“वय कशाला दाखवायचं ताई? पोरीच्या पत्रिकेतलं वय तरी कोण खरं सांगतं? आपोआप दिसतं त्यातून काढून टाक. कुणी मुद्दाम ‘कुंडली’पुढे ‘सगळं’ लिहिलं तरच दिसू दे.”

कोण लिहिणार होतं मुद्दाम? तिला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलं होतं. मागच्या खोलीत जुने संगणक उतरताना, त्यांना नवी कव्हरं चढताना ती रोज पाहत होती. पण नोकरी लागून दोनच महिने झाले होते. तिनं मुकाट्यानं ओळ झाकली.

त्यातले बारा संगणक नवे म्हणून गेले शिंदखेड्याजवळच्या तिच्याच गावच्या शाळेत. तिथं संगणकाच्या खोलीची किल्ली तिच्या वडिलांकडे, म्हणजे तोताराम आबांकडे असायची. आबा रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं बाराच्या बारा पडदे पुसायचे. पोरांना चपला बाहेर काढायला लावायचे. लेक संगणकाच्या धंद्यात आणि बाप संगणकाचा राखणदार, याचं त्यांना भारी कौतुक.

वर्षभरात यंत्रं माना टाकू लागली. धुळ्याहून कारागीर आला, त्यानं एक डबा उघडला आणि म्हणाला, “हे आतले पार्ट फार जुने आहेत.” शाळेनं जितेंद्रला बोलावलं. त्यानं फाइलमधला कुंडलीचा छापील कागद सगळ्यांपुढे धरला. कागदावर वय कुठंच नव्हतं. मग त्यानं शांतपणे एकच प्रश्न विचारला, “खोलीची किल्ली कोणाकडे असते?”

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. नवे पार्ट आबांनी काढून विकले आणि जुने बसवले, असं गावानं ठरवून टाकलं. ज्या माणसाला साधा पाना धरता येत नाही त्यानं बारा यंत्रं उघडून मिटली म्हणे! पण बोभाटा व्हायला अक्कल लागत नाही. शाळेनं किल्ली काढून घेतली. आबांनी पाराकडे जायचं सोडलं. शेतात जायचं तरी ते नाल्यानं, गावाला वळसा घालून जायचे.

सुलक्षणा दुसऱ्याच दिवशी जितेंद्रपुढे उभी राहिली. “भाऊ, ते माझे वडील आहेत. शाळेला खरं सांगा.”

जितेंद्रनं चहा संपवला. “सांगतो ना. पण ओळ कोणी झाकली हेही सांगावं लागेल. हात तुझा आहे ताई. नाव निघालं तर पहिलं तुझंच निघेल. आबांना आवडेल का ते?”

ती घाबरली. पोलीस, बदनामी हे सगळं होतंच, पण त्याहून आबांची नजर. ती गप्प बसली आणि त्या गप्प बसण्याचं रोज आतल्या आत विष होत गेलं. शनिवारी ती गावी यायची, आबांच्या शेजारी जेवायला बसायची आणि घास तोंडात फिरायचा. जितेंद्रची सावली जरी दारात पडली तरी तिच्या हाताची मूठ वळायची. दुसरी नोकरी ती शोधू शकली असती. शोधली नाही. सापाला मारायचं तर बिळाशेजारीच बसावं लागतं, असं तिनं ठरवलं होतं.

साप स्वतःहून बाहेर आला तो भाद्रपदात. जितेंद्रला मोठेपणाची हौस. खंडेनवमीला शाळाशाळांत संगणकांना झेंडूच्या माळा घालतात, हळद-कुंकू लावतात आणि सगळे एकदम सुरू करतात. त्या दिवशी प्रत्येक पडद्यावर केळीच्या घडाऐवजी आपलं नाव मोठ्या अक्षरांत झळकावं, असं त्याच्या डोक्यात आलं. नेट जोडलेल्या प्रत्येक यंत्रावर नवी कुंडली आपोआप उतरायची, त्यामुळे काम सोपं होतं.

“आपोआप जे दिसतं ना, तेच बदल,” तो म्हणाला. “कोणी मागायची वाट पाहायची नाही. नाव आलंच पाहिजे. आणि तुझ्या गावच्या शाळेत मी प्रमुख पाहुणा आहे. तू पण ये.”

“बदलते भाऊ,” ती म्हणाली. इतक्या आनंदानं तिनं त्या दुकानात कुठलंच काम केलं नव्हतं.

तिनं नाव मोठं केलं, चांगलं ठसठशीत. खाली तीन ओळी घातल्या. पण त्या सगळीकडे दिसायच्या नाहीत. मंगळ असेल तरच पत्रिकेत मंगळ दिसतो, तसं यंत्र पहिल्या दिवशीच जुनं असेल तरच त्या ओळी उमटायच्या. जितेंद्रला कुठलंही काम फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर बघायची सवय. लॅपटॉप करकरीत नवा. त्यावर नुसतं नाव आलं. त्यानं फोटो काढून व्हॉट्सॲपवर ठेवला.

तिसरी ओळ लिहिताना सुलक्षणाची बोटं थांबली होती. मग तिला त्याचं वाक्य आठवलं. नाव निघालं तर पहिलं तुझं निघेल. ठीक आहे. ज्या दोरीनं त्यानं तिला बांधलं होतं ती दोरीच तिनं जाळून टाकली.

खंडेनवमीला सकाळी तिनं आबांना स्कूटरवर बसवलं. ते येतच नव्हते.

“माले देखीसन लोके तोंड फिरावतस,” आबा म्हणाले. “कसाले लई जास माले?”

“आजच्या दिवस चला आबा. पुन्हा म्हणणार नाही.”

खोलीत माळा, उदबत्त्या, पोरांची गर्दी. आबा दाराशी उभे राहिले, चपला बाहेर काढून. हेडमास्तर भिकन सरांनी नारळ फोडला, जितेंद्रनं हात जोडले आणि अजून तग धरून असलेले सगळे पडदे एकदम सुरू झाले. त्याचं नाव भलंमोठं उमटलं. टाळ्या पडल्या. मग खालच्या ओळी आल्या आणि टाळ्या एकेक करून विरल्या. भिकन सरांनी चष्मा सारखा केला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं.

“शाळेत आला त्या दिवशी या यंत्राचं वय सात वर्षं दोन महिने. त्या दिवसापर्यंत डिस्क फिरली छत्तीस हजार तास. ही माहिती आजवर झाकली: झाकायला सांगणारा जितेंद्र, झाकणारी सुलक्षणा तोताराम.”

“व्हायरस आहे! बंद करा!” जितेंद्र ओरडला. पण कुठला कुठला बंद करणार? तो एका यंत्राचं बटण दाबेपर्यंत पोरं दुसऱ्यावर वाचत होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोदवडची शाळा. तो कापला तर दुसरा. अशा अकरा शाळा होत्या आणि सगळीकडे नारळ त्याच सुमाराला फुटले होते. त्याचा चेहरा उतरताना सुलक्षणानं डोळे भरून पाहिला. तिला जराही दया आली नाही. प्रत्येक घंटीला तिला गार वाटत होतं. जितेंद्र सटकायला निघाला. भिकन सरांनी दार अडवलं तेव्हा प्रमुख पाहुणा नारळाच्या पाण्यावरून घसरला आणि गळ्यातल्या हारासकट खाली बसला.

नंतर भिकन सर आबांकडे गेले. त्यांनी किल्ली पुढे केली. “आबा, चूक झाली आमची. ही तुमची आहे.”

आबांनी किल्ली घेतली. जवळच्या पडद्यापाशी जाऊन त्यांनी खिशातलं पिवळं फडकं काढलं, काच पुसली आणि बोट लावत लावत तिन्ही ओळी स्वतः वाचल्या. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. मग ते बाहेर आले. सुलक्षणा स्कूटरजवळ उभी होती.

“आबा, मी भ्याले होते,” ती म्हणाली.

“चोर कोण ते आते बठ्ठा गावले समजनं,” आबा तिच्याकडे न बघता म्हणाले. “पन वरीसभर तो मनाच घरमा जेवत व्हता, हाई माले कोणीच सांगं नही.”

ते स्कूटरवर बसले नाहीत. नाल्याच्या वाटेनंही गेले नाहीत. सरळ गावातून चालत निघाले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पारावरून दोघांतिघांनी हाक मारली, “या आबा, बसा.” कोणी तरी सरकून जागा केली आणि आबा बसले.

सुलक्षणा स्कूटर ढकलत तिथून गेली. तिला कोणी हाक मारली नाही.