ती ओळ कोणाची

मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरला आमच्या अंधेरीच्या ऑफिसातून रोज एक एक्सेल फाइल जाते. कोणत्या पेशंटची पुढची तारीख कधी, एवढंच तिच्यात. सोमवारपासून ती उघडली की ‘फाइलमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करू?’ असं विचारायला लागली. ‘हो’ म्हटलं की तारखांचा रकाना रिकामा.

आमचे साहेब शिवदास यांनी गुन्हेगार तासाभरात शोधला. शर्ली. मालाडची, बारा वर्षं मुलं सांभाळून पुन्हा कोडिंगकडे वळलेली. तिचे प्रोबेशनचे सहा महिने शुक्रवारी संपत होते.

“अनुपमा, तिनेच कुठेतरी हात घातला असणार. शुक्रवारी नारळ देऊन टाकू,” साहेब मला म्हणाले. मी तिची टीम लीड. मी मान हलवली. वाद घालायचा मला कंटाळा आहे.

गुरुवारी दुपारी मी एकदाची तिच्या शेजारी बसले. एक्सेलची फाइल म्हणजे आतून झिपच, छोट्या फाइलींचं गाठोडं. ती उघडून आम्ही एकेक रकाना काढत गेलो. तारखांचा फॉर्म्युला काढला, की फाइल मुकाट उघडायची. त्यात ‘याच ओळीतला’ म्हणून नुसतं @ होतं. पडद्यावर एक्सेलला ते चालतं, फाइलच्या पोटात मात्र लांबलचक लिहावं लागतं. ही फाइल बनवणारा आमचा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, भोळी; दिलं ते लिहून मोकळी. सेंटरवाले आजवर दुसरा फुकटचा प्रोग्रॅम वापरायचे, त्याला हे खपत होतं. सोमवारी त्यांनी एक्सेल घेतलं.

“कोडमधली ही ओळ कोणी लिहिली, बघ गं,” मी म्हणाले.

“तूच बघ ना.”

कोणी काय कधी लिहिलं त्याची नोंद असते, ती बघितली. दोन वर्षांपूर्वीची. माझी.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“मंगळवारपासून. पण माझा रिपोर्ट तूच लिहिणार होतीस ना. तुझं नाव कोणत्या तोंडाने घेऊ?”

माझी कानशिलं तापली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्याच हातात.

शर्लीने ती ओळ तिथल्या तिथे सुधारली. मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं, चूक माझी होती.

शिवदास हसले. “अगं, होतं असं कधी कधी. चहा घेणार?”

ज्या चुकीपायी चार दिवस शर्लीची नोकरी जात होती, त्याच चुकीवर मला चहा मिळत होता. मला लाज वाटली, आणि रागही आला.

“आधी शर्लीला कायम केल्याचं पत्र द्या.”

“सोमवारी बघू.”

मी खुर्ची ओढली आणि त्यांनी सही करेपर्यंत उठले नाही.