चौतीस पावलं

गावाबाहेरच्या त्या छोट्या चर्चमध्ये त्रेचाळीस वर्षांत जेवढी लग्नं लागली, तेवढी सगळी पेटीमास्तरांनी पाहिली, पण दाढीच्या आरशात. पायपेटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, त्यामुळे वाजवणाऱ्याची पाठ साऱ्या जगाकडे. नवरी दारात आली हे कळावं म्हणून त्यांनी पेटीवर तळहाताएवढा आरसा टांगला होता. मास्तरांच्या आठवणीही त्या आरशात मावतील तेवढ्याच. एका काळात नवऱ्या मुलींच्या बाह्या फुगल्या, पुढच्या काळात बसल्या. नवरदेवांचे कल्ले वाढले, उतरले. एक नवरदेव तासभर उशिरा आला, तेव्हा मास्तरांनी येत होतं नव्हतं ते सगळं वाजवलं, शेवटी अंगाईसुद्धा, आणि पहिल्या बाकावरचे आजोबा खरोखरच घोरायला लागले. हे सगळं रंगवून सांगून झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं, "माझ्याशिवाय इथे कुणाचं लग्न लागलेलं नाही!"

"माझं तर तुमच्यामुळेच राहता राहता लागलं," बायको म्हणायची.

ते मात्र खरं. स्वतःच्या लग्नातही पेटी दुसऱ्याच्या हाती द्यायला मास्तरांचा जीव होईना. वेदीपाशी उभं राहायचं सोडून हे नवे बूट घालून पेटीवर बसले. नवरीला वडील नव्हते. ती एकटीच चालत आली, येऊन उभी राहिली, आणि मास्तर आपले डोळे मिटून वाजवतायत! सबंध चाल तीनदा झाली, तेव्हा फादरनी येऊन खांद्यावर हात ठेवला. तर या शहाण्यानं विचारलं काय, "सूर बरा लागला ना?"

"चौतीस पावलं चालले मी," बायको अजून ऐकवायची. "तुमच्या पाठीकडे बघत."

"काहीतरीच तुझं! वीससुद्धा नसतील." आरशात तेवढीच दिसायची.

आता लेकीचं लग्न होतं. तिनं आधीच बजावलं होतं, "बाबा, तुम्ही माझ्यासोबत चालायचं. पेटी पोस्टातल्या मावशी वाजवतील." पोस्टातली बाई मास्तरांकडेच चार वर्षं शिकलेली. पण मास्तरांचा हेका एकच, डावं पेडल अडकतं आणि ते फक्त मलाच कळतं. खरं तर ते त्यांनाही कधी कळलं नव्हतं, त्यात बोटं आखडलेली. पण कबूल कोण करणार?

"मग मी एकटी येईन," लेक म्हणाली. "आईसारखी. दुसरं कुणी सोबत नको."

बोलते नुसती, असं म्हणून मास्तर त्या दिवशी पेटीवर जाऊन बसलेच. घंटा झाली. त्यांनी आरशात पाहिलं आणि सूर धरला. दारात लेक, नखाएवढी. खरोखरच एकटी. हातात फुलं, आणि ती आरशाकडेच बघत होती. तिच्या आईच्या वेळीही या आरशात हेच दिसलं असतं. तेव्हा आपण डोळे मिटून घेतले होते. गाढव कुठला!

चाल अर्ध्यावर सोडून ते उठले. स्टूल आडवं झालं. "बाई, बसा," एवढंच पोस्टातल्या बाईला म्हणाले आणि बाजूच्या वाटेनं जवळजवळ पळतच दाराशी पोचले.

"उशीर केलात," लेक म्हणाली, पण हात घट्ट धरला.

मागून पेटी सुरू झाली. डावं पेडल मुळीच अडकलं नाही. मास्तरांनी समोर पाहिलं आणि हबकलेच. दारातून चर्च केवढं लांब दिसत होतं! वेदी तर पार तिकडे. ते मनातल्या मनात पावलं मोजत चालू लागले.

लेकीचा हात जावयाच्या हातात दिल्यावर ते वळले. पहिल्या बाकावर बायको बसली होती.

"चौतीस," मास्तर म्हणाले. "चुकलं गं माझं."

"मग? मी काय खोटं बोलत होते?" असं म्हणून ती जरा सरकली आणि आपल्या शेजारची जागा हातानं पुसून दिली.