बसका बैल

सौम्या मॅडमनी लेझरचा लाल ठिपका पडद्यावरच्या म्हाताऱ्याच्या छातीवर नेऊन ठेवला.

"हे सर सत्तर वर्षाचे आहेत. बघा, किती हॅपी आहेत."

मॅडम बंगळूरच्या; मराठी त्यांना गेल्या आठवड्यापासून येत होती. पडद्यावरचा म्हातारा हातात लांब दांडा घेऊन हिरवळीवर उभा होता आणि शेजारी त्याची बायको हसत होती. तो नेमकं काय करतोय, हे फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये जमलेल्या एकाही जोडप्याला उमगलं नाही. यल्लाप्पाच्या मते तो जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाड्या असावा.

कंपनीनं रविवारी बायकांसह बोलावलं होतं आणि जेवण ठेवलं होतं. कंपनी जेवू घालते तेव्हा काहीतरी बदलणार असतं, एवढं सगळ्यांना अनुभवानं कळलं होतं. या वेळी निवृत्तीचा फंड बदलत होता. पगारातून कापलेला पैसा कुठं गुंतवायचा हे आजवर कंपनी ठरवायची. आता ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. ज्यांना कधी कुठली पाळी हवी हेही कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्यापुढं एकदम तीन पर्याय आले. सगळा पैसा शेअरबाजारात, अर्धा इकडं अर्धा तिकडं, किंवा सगळा सरकारी रोख्यांत. मॅडमनी त्यांना इंग्रजी नावं दिली होती. यल्लाप्पानं बसल्या जागी बारसं केलं: पळता बैल, चालता बैल, बसका बैल.

"पळता पडतो पण, सर," मॅडमनी बैल लगेच स्वीकारले. "पाच-सात वर्षं थांबलं तर उठतो. ज्यांना एक-दोन वर्षात पैसा लागणार, त्यांनी तिकडे जायचंच नाही. आणि एकदा निवडलं की पाच वर्षं बदल नाही."

आण्णाप्पानं खुर्ची थोडी मागं सरकवली. एक-दोन वर्षं. दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनीही हेच शब्द वापरले होते, फक्त त्यांच्याकडं पर्याय नव्हते. साच्यांच्या वाळूनं फुफ्फुसं भरलीत, म्हणाले होते. तो एकटाच गेला होता. घरी खानापूरला लग्नाला जातो म्हणून सांगितलं होतं. तिथं काय जेवलासा, असं विचारलं तर सांगायला बुंदीचा बेतही ठरवून ठेवला होता. बायकोनं, अंजनानं, विचारलं नाही. पोरीची, उपासनाची, नर्सिंगची शेवटची परीक्षा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं आणि आजवर ते सोपं गेलं होतं. खोटं बोलायची वेळच कुणी आणली नव्हती.

"तुमचा वय, सर?" मॅडम त्याच्यापाशी आल्या.

"एकोणपन्नास."

"अरे, यंग आहात! अजून अकरा वर्षं. पळता घ्या, नाहीतर चालता."

"पळता घे लेका," यल्लाप्पा मागून म्हणाला. "मी घेतला. साठीला तू न् मी गोव्याला. वैनीस्नी पन न्हेऊ."

"वैनीला कशाला अडचन," अंजना म्हणाली. सगळे हसले.

आण्णाप्पाच्या हातातल्या मोबाईलवर तीन बैलांचे तीन चौकोन आले. शेवटच्या चौकोनावर अंगठा ठेवला, तर शेजारी बसलेली बायको विचारणार, पैशाची एवढी काय घाई? पहिल्यावर ठेवला, तर ती काही विचारणार नाही. आणि मग तिच्यावर पैसे काढायची वेळ येईल तेव्हा बैल नेमका पडलेला असेल. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. चौकोन तिथंच होते.

"पळताच घेतो," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "अकरा वर्षं हाईत की."

अंगठा खाली येण्याआधी अंजनानं मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला. तिनं तो लांब धरला, डोळे बारीक केले आणि शेवटच्या चौकोनावर बोट टेकवलं.

"मॅडम, ह्योच न्हवं सरकारी?"

"हो, पण ताई, तुमचा लॉस होतो. सर अजून..."

"ऱ्हाऊ दे. आमाला ह्योच बरा."

"वैनी, बसका घेतलासा?" यल्लाप्पानं कपाळाला हात लावला. "आण्णाप्पा, तुझ्या घरात लोकशाही न्हाय रं."

"न्हाय," आण्णाप्पा म्हणाला.

मोबाईलनं खरंच का म्हणून विचारलं. अंजनानं खरंच म्हणून सांगितलं. मग तिनं तो त्याच्या खिशात घातला, पदर सारखा केला आणि मॅडमकडं बघत राहिली. मॅडम पुढच्या जोडप्याला वय विचारत होत्या.

जेवणात पुलाव आणि शिरा होता. अंजनानं आपल्या ताटातला शिरा त्याच्या ताटात सरकवला. पुलाव तिखट आहे, एवढंच ती बोलली.

बाहेर उन्हात गाड्या लागल्या होत्या. आण्णाप्पानं स्कूटर काढली, वळवली, आणि एवढ्यानंच त्याला स्टँड लावून थांबावं लागलं. तो आरशाची काच पुसत असल्यासारखा उभा राहिला. छातीतला आवाज खाली बसेपर्यंत काच चांगलीच स्वच्छ झाली.

अंजनानं हात पुढं केला.

"किल्ली द्या."

"कशाला?"

"मी चालवनार. बसा मागं."

"तुला कुठं येती?"

"येती."

तिनं पदर कमरेला खोचला, पाय टाकला आणि गाडी पुढं ढकलून स्टँड काढला. सवयीचं माणूस काढतं तसा.

"कवा शिकलीस?"

"दिवाळी झाल्यावर." तिनं किल्ली फिरवली. "उपासनानं शिकीवली. कॉलेजातनं आली की रोज सांजचं, माळावर."

आण्णाप्पा मागं बसला. गाडी घराकडं, पिरनवाडीच्या रस्त्याला लागली. खड्डा आला की ती वेग कमी करत होती, आणि खड्डा गेल्यावरही थोडा वेळ तो वाढवत नव्हती.