पहिली काडी मालकाची

मिस्टर माह यांच्या टोरांटोच्या कारखान्यात रोज सकाळी फ्रायर पेटवला जाई, आणि तो मिस्टर माह स्वतः पेटवीत. फ्रायरला विजेचं इग्निशन होतं. ते त्यांनी काढून ठेवायला लावलं होतं. कोट काढायचा, टायचं टोक शर्टात खोचायचं, लांब काडी ओढून बर्नरला लावायची, कोट परत घालायचा. मग एग रोलचा, म्हणजे तळलेल्या चायनीज रोलचा, दिवस सुरू होई.

दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातून ते १९५२ साली विंडसरला आले, ते काकांच्या कॅफेत भांडी घासायला. १९८१ साली मी त्यांच्याकडे केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा विंडसर आणि लव्हालमध्ये त्यांचे कारखाने होते, गोठवलेला माल नेणारे स्वतःचे ट्रक होते आणि टोरांटोचा कारखाना नवाकोरा होता. इथे फक्त भाज्यांचे रोल होत. ते मला 'मिस नव' म्हणत. नवगावकर हे नाव संपेपर्यंत थांबायला त्यांना वेळ नसे.

"फ्रायर तुम्हीच का पेटवता?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"एकोणसाठ साली माझं अपेंडिक्स काढलं. त्या दिवशी मेहुण्याने पेटवला. माझा कॅफे जळाला."

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, मिस्टर माह."

"दुसरा नमुना घ्यायची माझी तयारी नाही."

नियम साधा होता: पहिली काडी मालकाने ओढायची. विंडसर आणि लव्हालमध्ये त्यांचे भाऊ भागीदार होते, तिथे ते ओढत. मेहुणा मालक नव्हता.

त्या हिवाळ्यात किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीने आमचे रोल ऑन्टारियोभर ठेवायची तयारी दाखवली. अट एकच, माल कोशर हवा, म्हणजे ज्यू खाद्यनियमांत बसणारा. टोरांटोतली पुष्कळ ज्यू कुटुंबं रविवारी चायनीज खातात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. हे गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवूनच मिस्टर माहनी नवा कारखाना बांधला होता. ते हुकलं असतं तर निम्मी यंत्रं नुसती पुसत बसावं लागलं असतं.

तपासायला ज्यू धर्मगुरू, रब्बाय झेलनिक आले. त्यांनी पीठ पाहिलं, कोबी उजेडात धरून किडे शोधले, तेलाची पिंपं हुंगली. शनिवारी बंद ठेवाल का, असं विचारलं. मिस्टर माह हो म्हणाले. सगळं झाल्यावर रब्बाय फ्रायरपाशी उभे राहिले.

"विस्तव कोण पेटवतं?"

"मी."

"अन्न शिजवायचा विस्तव ज्यू माणसाने पेटवायला हवा."

"तेल पाहिलंत, पीठ पाहिलंत. आता एका काडीचं काय?"

"काडीचंच आहे."

"मी ज्यू आहे," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्टर माहनी जास्त वेळ पाहिलं. "तू इंडियन आहेस," ते म्हणाले.

"दोन्ही आहे."

रब्बायनी कुठली ते विचारलं. मी सांगितलं, आम्ही कोकणातले बेने इस्राएल. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. रब्बायनी फ्रायरमधल्या तेलाकडे पाहिलं.

"म्हणजे धंदा बदललेला नाही," ते म्हणाले. "ही पेटवेल."

"नाही," मिस्टर माह म्हणाले आणि ऑफिसात गेले.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. फ्लॉरेन्समावशीने आमटीचा डाव हवेतच धरला. "एमएससी केलीस, इमिग्रेशनला अप्लाय केलंस, विंटर बूट घेतलेस, ते काड्या ओढायला?"

"ओढायलाही देत नाहीत, मावशी."

"मग तर अगदीच इन्सल्ट आहे," ती म्हणाली आणि मला जास्त भात वाढला.

पुढचा आठवडाभर मिस्टर माह रोज फ्रायर पेटवत राहिले. साखळीच्या माणसाचे फोन सेक्रेटरी घेई. मी प्रयोगशाळेत तेलाची आम्लता मोजत बसे. ती बदलत नव्हती.

सोमवारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. तिथे त्यांचे वकील बसले होते.

"मिस नव, मालकाने पेटवायचं हा नियम आहे. तो मोडता येत नाही."

"हो."

"म्हणून तुला मालक करतोय. एक शेअर. सही कर."

वकील छताकडे पाहत होते. त्यांचं मत आधीच घेऊन झालं असावं.

"एका शेअरने भागेल?" मी विचारलं.

"मालकी ही असते किंवा नसते," मिस्टर माह म्हणाले. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट काढला. टाय नव्हता, म्हणून वेणी शर्टात खोचली. मिस्टर माह माझ्या मागे आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभे होते. पिन त्यांनी आधीच काढली होती. रब्बाय झेलनिक दाराजवळ उभे होते. दोन पावलं मागे सरकून ते दाराबाहेर उभे राहिले. मी काडी ओढली. बर्नर निळा पेटला. पहिले रोल बाहेर येईपर्यंत मिस्टर माहनी सिलिंडर खाली ठेवला नाही. मग त्यांनी एक रोल खाल्ला आणि म्हणाले, "ठीक." महिन्याभरात माल ऑन्टारियोभर गेला.

अडचण वसंतात आली. पेसाहच्या सणात आठ दिवस ज्यू माणसाने फुगणाऱ्या पिठाचा कणही बाळगायचा नसतो, आणि मी तर गव्हाच्या पिठाच्या आख्ख्या गोदामाची एका शेअरपुरती मालक होते. रब्बाय म्हणाले, शेअर बिगर-ज्यू माणसाला विकायचा आणि नंतर परत घ्यायचा. तेवढे दिवस कारखाना बंद.

"कोणाला विकू?" मी मिस्टर माहना विचारलं.

उत्तर द्यायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

तेव्हापासून दर पेसाहला ते पुन्हा एकटे मालक असतात. रोल होत नाहीत. फ्रायर रिकामा करून त्यात पाणी आणि सोडा उकळतात, म्हणजे वर्षभराची काजळी सुटते. नुसतं पाणी कोणीही उकळलं तरी चालतं, असं रब्बायनी ग्रंथ बघून सांगितलं आहे. वॉचमन म्हणतो, त्या आठही दिवशी मिस्टर माह सकाळी येतात, कोट काढतात, टाय खोचतात आणि काडी ओढतात. पहिल्या वर्षी त्याने विचारलं होतं, सफाई एका दिवसात होते ना?

मिस्टर माह म्हणाले, फ्रायर फार मळलाय.